संस्थेला उत्तर संस्थेनेच

एखाद्या ख्रिस्ती संस्थेने चालविलेल्या शाळेचा विषय निघाला, की आपल्याकडे बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक कृतज्ञतेचा : "त्यांनी केले, आपल्याला कुठे सुचले होते?" दुसरा संशयाचा : "त्यांना शिकवायचे नव्हते, बाटवायचे होते." दोन्ही सूर लावायला सोपे आहेत, कारण ते लावल्यावर आपल्याला पुढे काहीच करावे लागत नाही. वादविवाद स्पर्धेत टाळ्या पडतात आणि विषय तेथेच संपतो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा इतिहास मात्र एवढ्यावर संपत नाही. तो आपल्या सर्वांनाच, वक्त्यांना आणि श्रोत्यांना, थोडा अडचणीत टाकणारा आहे.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. पुढे अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या, विशेषतः बालविधवेच्या, स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांची व्याख्याने ऐकून बोस्टन येथे १८८७ साली एक मंडळी स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे पत्करले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि १८९० च्या अखेरीस ते पुण्यास आले. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींच्या जातीचे आचार सांभाळायचे, असा करार होता. म्हणूनच न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली. विधवेने कोपऱ्यात बसावे असे मानणाऱ्या समाजात तिच्या हाती पाटी देणारे हे घर होते, हे विसरता कामा नये.

वाद पेटला तो १८९३ मध्ये. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. त्यांना ओढून नेले नाही, पण दारही लावून घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. 'केसरी'ने कठोर टीका केली. सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

येथे कोणाचे बरोबर, हा प्रश्न आपण टाळू नये. माझ्या मते टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य होते. मुली लहान, घराला पारख्या झालेल्या. ज्या बाईने आपल्याला माणसात आणले तिच्या देवापुढे बसावेसे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच त्या ओढीला 'स्वेच्छा' म्हणताना जपून म्हणावे लागते. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळांच्या बाबतीत अज्ञान मुलाच्या धर्मशिक्षणाला पालकाची संमती आवश्यक मानली, ती काही उगाच नाही. १८९३ साली पालकांनी मागितले ते याहून फार वेगळे नव्हते.

पण टीकाकारांची बाजू येथवरच पोचते. मुलगी सदनातून काढली. ती न्यायची कोठे? ज्या घरी तिला परत नेले, त्या घरी कोणती शाळा तिची वाट पाहत होती? अग्रलेख लिहिणाऱ्या लेखणीने त्या मुलीसाठी एखादा वर्ग उघडला असता, तर त्या टीकेचे वजन शतपटीने वाढले असते. दुसऱ्याच्या दानातला डाग दाखविणे हे जागल्याचे काम आहे आणि ते आवश्यकही आहे. परंतु घर राखणे म्हणजे घर बांधणे नव्हे.

बांधणारा मनुष्य निघाला, पण तो वेगळ्याच दाराने आला. देवरुखची गोदूबाई जोशी ही शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. ज्या वर्षी हा वाद पेटला त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, तिने फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. तिचे अध्यक्षपद भांडारकरांनी स्वीकारले. एका संस्थेतून बाहेर पडलेला माणूस दुसरीत उभा राहिला, हे मला त्यांच्या राजीनाम्याइतकेच महत्त्वाचे वाटते. पुढे आश्रम हिंगण्यास गेला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले त्याच्यासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, आणि त्याच कामातून १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. ज्या शाळेवर बाटविण्याचा आळ आला, तिच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचा संसार हिंदू विधवांच्या एका मोठ्या आश्रमाशी जोडला गेला! शाळेत कोण काय हेतूने शिकवतो हे एक, आणि शिकणारी ते घेऊन कोठे जाते हे दुसरे. दात्याचा हिशेब मांडताना आपण घेणारीला नेहमीच मुकी बाहुली समजतो.

इकडे रमाबाईही थांबल्या नाहीत. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि दौंड तालुक्यात केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. ते उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे शिक्षणाबरोबर विणकाम, शेती, छापखाना असे उद्योग आले; अंध मुलींना ब्रेलने वाचायला शिकवले गेले. उपाशी मुलींच्या त्या तांड्यावर हक्क सांगायला मात्र पुण्यासारखी गर्दी झाली नाही. धर्माची काळजी भरल्या घरातल्या मुलीपुरतीच असते काय, असा प्रश्न येथे पडल्यावाचून राहत नाही.

मित्रहो, आजही खेड्यापाड्यांत, वस्त्यांत कोणी ना कोणी संस्था मुलांना पाटी-पुस्तक देत असते आणि तिच्या हेतूविषयी आपण चहाच्या टेबलावर शंका काढीत असतो. शंका जरूर काढावी. करार मोडला जात असेल तर बोटही ठेवावे. पण त्याच संध्याकाळी त्या वस्तीत तासभर शिकवायला आपल्यातले किती जण जातील? कर्व्यांनी रमाबाईंना लेखाने उत्तर दिले नाही, आश्रमाने दिले. ते उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने निदान आवाज थोडा खाली आणावा.