आडम मास्तरांची घरं

सोलापुरात ज्यांचे नातेवाईक आहेत, त्या भगिनींना हे सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू. भाड्याच्या एका खोलीतच चूल, पाळणा आणि हा धंदा. हजार विड्या वळल्या की मजुरी, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. वळणाऱ्यांत पद्मशाली बायका आहेत, तशा आपल्याही खूप आहेत.

याच शहरातल्या गिरणी कामगाराचा मुलगा नरसय्या आडम. कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता, 1978, 1995 आणि 2004 मध्ये आमदार. लोक त्यांना मास्तर म्हणतात. (आम्हा शिक्षकांना हे ऐकून बरं वाटतं, एवढंच.) त्यांनी एक मागणी धरली आणि सोडली नाही: विडी कामगार बाईला स्वतःचं घर.

2006 मध्ये कुंभारीच्या माळावर 10 हजार घरं उभी राहिली. चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं. आपल्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांना वेठबिगारीतून सोडवणाऱ्या त्याच गोदूताई. घर फुकट नव्हतं. केंद्र आणि राज्य सरकारच्या पैशांबरोबर बायकांनी आपला हिस्सा भरला. हजार विड्यांची मजुरी पाहता तो कसा जमवला असेल, हे घर चालवणाऱ्यांनाच कळेल.

पुढे रे नगरची 30 हजार घरं. 2019 च्या जानेवारीत पायाभरणी झाली तेव्हा मास्तरांनी पंतप्रधान मोदींचं कौतुक केलं, म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. पक्षाची बाजू मला समजते. पण ज्या बाईला भाडं भरायचं आहे, तिच्या बाजूने पाहिलं तर मास्तर चुकले असं म्हणवत नाही. 19 जानेवारी 2024 ला पहिली 15 हजार घरं मिळाली.

वरसाव्यात भाड्याच्या खोल्यांतून शाळेत मुलं पाठवणारे पालक निवडणुकीत उमेदवाराचं आडनाव आधी विचारतात, काम नंतर. सोलापूरही फार वेगळं नसावं. 2009 पासून विधानसभेला मास्तर उभे राहिले आणि हरत गेले. एक कारण मात्र साधं दिसतं. कुंभारी त्यांच्या शहर मतदारसंघाच्या बाहेर आहे. ज्या बाईला घर मिळालं, ती सामान घेऊन तिकडे राहायला गेली आणि तिचं मतही तिकडेच गेलं.