थकबाकी आणि बदली

बेसबॉल हा खेळ मी आयुष्यात एकदाही खेळलेलो नाही. आमची मजल विटीदांडूपर्यंत. तरीही या खेळाबद्दल माझी मतं ठाम आहेत. ती मांडण्याचा अधिकार मला बी.कॉम.ची पदवी आणि बँकेतली बावीस वर्षांची कारकुनी यांनी दिलेला आहे. कारण अमेरिकेत हा खेळ मैदानावर कमी आणि लेजरमध्ये जास्त खेळला जातो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो आणि मेट्स या न्यूयॉर्कच्या संघाचा भक्त आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या मेट्सने हुआन सोटो नावाच्या सव्वीस वर्षांच्या खेळाडूशी पंधरा वर्षांचा, साडेशहात्तर कोटी डॉलरचा करार केला. भाचा तेव्हा डोंबिवलीत आमच्याकडेच होता. बातमी वाचून त्याने कपाळाला हात लावला. "मामा, २०३९ साली हा चाळीस वर्षांचा असेल! तुम्ही बँकेत आहात, तुम्हीच सांगा, असं कर्ज कोणी देईल का?"

हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. लांबलचक करार म्हणजे मालकाचा मूर्खपणा आणि खेळाडूची चैन, असं तिथले बरेच शहाणे लोक म्हणतात. माझा या सगळ्या शहाण्यांना विरोध आहे.

आधी बॉबी बोनियाचं घ्या. मेट्सने २००० साली त्याला घरी बसवलं तेव्हा त्याचे एकोणसाठ लाख डॉलर देणं होतं. ते तेव्हाच न देता, आठ टक्के व्याजाने, २०११ ते २०३५ अशी पंचवीस वर्षं हप्त्याने द्यायचं ठरलं. दर १ जुलैला त्याला सुमारे अकरा लाख त्र्याण्णव हजार डॉलर मिळतात, आणि दर १ जुलैला अमेरिका मेट्सला हसते. मी हा हिशेब पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागे करून पाहिला. एकोणसाठ लाखांचे अकरा वर्षांत चक्रवाढीने होतात एक कोटी सदतीस लाख, आणि त्याचा पंचवीस वर्षांचा हप्ता बरोब्बर तेवढाच येतो. यात हसण्यासारखं काय आहे? हे साधं रिकरिंगचं उलटं खातं आहे. मालकांनी आपला पैसा मेडॉफ नावाच्या गृहस्थाकडे गुंतवला होता, आणि ते गृहस्थ २००८ साली भामटे निघाले. यात बोनियाचा काय दोष? आठ टक्के हा दर सोज्वळ आहे. त्याहून जास्त देणाऱ्याकडे पैसे ठेवू नयेत, हे मी काउंटरवर रोज फुकट सांगतो. कोणी ऐकत नाही.

आता आल्बर्ट पुहोल्स. लांब कराराच्या विरोधकांचं हे लाडकं उदाहरण. एंजल्सने २०११ साली त्याला दहा वर्षांसाठी चोवीस कोटी डॉलर कबूल केले. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पुढे पाय दुखले, धाव मंदावली, आणि मे २०२१ मध्ये करार संपायच्या आधीच त्याला नारळ मिळाला. आधीच्या कार्डिनल्स संघात अकरा हंगामांत ४४५ होमरन, एंजल्सकडे जवळजवळ दहा हंगामांत २२२. म्हणजे निम्मे. "बघा!" म्हणून भाचा टाळी मागतो.

मी टाळी देत नाही. मी विचारतो, २००१ साली पहिल्याच हंगामात त्याने ३७ होमरन मारले, तेव्हा त्याचा पगार किती होता? सुमारे दोन लाख डॉलर. त्याच वर्षी रॉड्रिग्झ नावाच्या खेळाडूचा जो करार सुरू झाला, त्याची वार्षिक सरासरी होती अडीच कोटी. तिथला नियमच असा आहे, की पहिली सहा वर्षं खेळाडू आपल्या संघाशी बांधलेला. त्यातही पहिली तीनेक वर्षं किमान वेतनाच्या आसपास. मनगटात बळ असतं तेव्हा खिसा रिकामा, आणि खिसा भरतो तेव्हा गुडघा गेलेला. मग ते चोवीस कोटी म्हणजे काय? वाचकहो, ते अरिअर्स आहेत! थकबाकी!

बँकवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचा बारावा वेतन करार मार्च २०२४ मध्ये सह्यांपर्यंत पोचला आणि लागू झाला नोव्हेंबर २०२२ पासून. अरिअर्स हातात आले तेव्हा आमच्या शाखेतल्या कोणाला "इतके पैसे कशासाठी?" असं विचारून पाहिलं असतं तर! शिवाय आमची सेवाज्येष्ठता तरी काय आहे? शेजारच्या काउंटरवरची तेवीस वर्षांची पोरगी माझ्या दुप्पट व्हाउचर मारते आणि माझ्याहून कितीतरी कमी पगार घेते. मी आमच्या शाखेचा पुहोल्स आहे. फरक इतकाच, की माझे आधीचे ४४५ होमरन कोणाला आठवत नाहीत.

भाच्याचं एक मात्र मी मान्य करतो. अरिअर्सची पद्धत वाईटच. पण मालकासाठी नव्हे. ज्या पोराचा खांदा चौथ्याच वर्षी निखळतो, त्याचे अरिअर्स कधी निघतच नाहीत. पुहोल्सवर हळहळणाऱ्या शहाण्यांनी या पोरासाठी एक उसासा शिल्लक ठेवला असता तर बरं झालं असतं.

आणि अदलाबदलीचं काय? तिला तिथे 'ट्रेड' म्हणतात, आम्ही बदली म्हणतो. १९६२ साली हॅरी चिटी नावाच्या खेळाडूला क्लीव्हलंडने मेट्सना दिलं. मोबदल्यात कोण, ते नंतर ठरवायचं होतं. नंतर ठरलं, आणि मेट्सने मोबदला म्हणून चिटीच परत पाठवला! १९८२ साली जोएल यंगब्लड एकाच दिवशी दुपारी शिकागोत मेट्सकडून आणि रात्री फिलाडेल्फियात माँट्रियलकडून खेळला. दोन्हीकडे त्याने हिट मारला. आमच्याकडे निदान जॉइनिंग टाइम तरी मिळतो.

पण या सगळ्यात माझा माणूस कर्ट फ्लड. १९६९ साली, बारा हंगाम एकाच संघात काढल्यावर, न विचारता त्याची बदली झाली. तो गेला नाही, कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला आणि खेळातून संपला. पण आज ज्याची सेवा दहा वर्षांची आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली आहेत, तो बदली नाकारू शकतो. सही न करणाऱ्या या माणसामुळे बाकीच्यांच्या करारांना किंमत आली.

माझी मुलगी पंधरा दिवसांची होती तेव्हा मला तालुक्याच्या शाखेत पाठवलं होतं. मी गेलो. फ्लड झालो नाही.

"बरं, तुझा स्वतःचा करार किती वर्षांचा?" मी भाच्याला विचारलं.

"आमचा कसला करार, मामा? सकाळी ईमेल येते, दुपारी लॅपटॉप परत."

यावर आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो. त्याच्या मामीने चहा आणला.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तरण्या माणसाला त्याचे पैसे तरणेपणीच द्या, आणि बदली करायच्या आधी त्याला एकदा विचारा. ही मागणी निव्वळ बेसबॉलपुरती आहे. आमच्या साहेबांच्या वाचनात आल्यास त्यांनीही कृपया तसंच समजावं.