गोदामाला दिवाळी नसते

सलग ४० महिने, दर ५ तारखेला, माझ्या खात्यातून ३,०६८ रुपये जात होते. २,६०० भाडं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ज्या जागेचं हे भाडं, तिथे माणूस कुणीच राहत नव्हतं. भिवंडीकडच्या एका गोदामात आमच्या डोंबिवलीच्या घरातले ४१ खोके, एक लोखंडी कपाट, दोन पलंग, एक टीव्ही युनिट, गाद्यांची वळकटी आणि आजीचं शिवणयंत्र राहत होतं. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा करारात ३६ महिने लिहिले होते. नवी इमारत अजून सातव्या मजल्यावरच आहे. एकूण हिशोब १,२२,७२० रुपये.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ते माझं मी बघेन. हे लिहितेय कारण तुमच्यापैकी अनेकांच्या आई-बाबांची बिल्डिंग आज ना उद्या पडणार आहे, किंवा तुम्हाला दुसऱ्या शहरात नोकरी लागणार आहे. तेव्हा मोबाइलवर 'तुमच्या आठवणी आमच्याकडे सुरक्षित' अशी जाहिरात येईल आणि तुम्ही मी केलं तेच कराल. माझं म्हणणं साधं आहे : न उघडता, न ठरवता घर गोदामात टाकणं ही सोय नाही. तो पळपुटेपणा आहे, आणि आपण दरमहा त्याची वर्गणी भरतो.

मी काय केलं ते सांगते. मे महिन्यात घर रिकामं करायचं होतं. आई रोज दुपारी माळ्यावरचं एकेक काढून बसायची. "अगं, हा डबा तुझ्या आत्याच्या लग्नातला. ही सतरंजी बघ, बाबांच्या मुंजीतली." एका दुपारी जेमतेम चार वस्तूंचा निकाल लागायचा. मला सुट्टी फक्त शनिवार-रविवार, त्यात ऑफिसात रिलीज. भाड्याने घेतलेल्या वन बीएचकेत माळाच नव्हता. शेवटी मी ॲप उघडलं, गोदाम बुक केलं आणि आईला म्हटलं, "तू आत्ता काहीच ठरवू नकोस. सगळं ठेवू. पैसे मी भरते." बाबा खूश झाले, कारण भांडण टळलं. पॅकर्सवाल्यांनी पाच तासांत घर गुंडाळलं आणि खोक्यांवर मार्करने लिहिलं, 'किचन १', 'किचन २', 'माळा १' ते 'माळा ९'. मला वाटलं, किती समजूतदार मुलगी आहे मी.

मग गौरी आल्या. आमच्याकडे मुखवट्यांच्या गौरी असतात. मुखवटे कुठल्याशा खोक्यात होते; माळ्याच्या नऊपैकी एका, किंवा कपाटाच्या खणांतलं सामान भरलेल्या सहापैकी एका. गोदामवाल्यांना फोन केला. दोन दिवस आधी कळवायचं, दर खोक्यामागे हाताळणीचे पैसे, टेम्पोचे वेगळे. "मॅडम, खोका नंबर सांगा." तोच तर माहीत नव्हता. आईने त्या वर्षी खड्यांच्या गौरी बसवल्या. अनेक घरांत तीच रीत असते, त्यात कमीपणा काही नाही. पण ती आमच्या घरची रीत नव्हती. आई मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

माझ्या धंद्यात याला कोल्ड स्टोरेज म्हणतात. ॲमेझॉनने २०१२ साली 'ग्लेशियर' नावाची सेवा आणली : डेटा साठवायला अतिशय स्वस्त, पण काढायचा तर काही तास थांबा आणि वेगळे पैसे मोजा. हा सौदा चांगला आहे, एका अटीवर. आत काय आहे याची यादी तुमच्याकडे हवी, आणि किती दिवस ठेवायचं हे ठरलेलं हवं. यादी आणि मुदत न ठरवता कुठला इंजिनीअर डेटा टाकत बसला, तर त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतील. मी स्वतःच्या घराच्या बाबतीत नेमकं तेच केलं. वर ऑटो-डेबिट लावलं, म्हणजे दर महिन्याला टोचणीही नको.

"पूर्वीही लोक माळे भरून ठेवायचेच की," असं कुणी म्हणेल. खरंय. पण माळा घरातच होता. दसरा-दिवाळीच्या आधी तो उतरवला जायचा. पितळी डबे चिंचेने घासले जायचे, गाद्यांना ऊन दाखवलं जायचं, कसर लागलेलं पुस्तक सापडायचं. जुने कपडे बोहारणीला जायचे, रद्दी रद्दीवाल्याला, जास्तीची पातेली कुठल्यातरी मावशीच्या नव्या संसाराला. वर्षातून एकदा तरी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातातून जायची आणि तेव्हा तिचं काय करायचं ते ठरायचं. गोदामाला दिवाळी नसते. तिथे चार पावसाळे गेले तरी कुणी खोका उघडून बघत नाही.

आणि पावसाळा काय करतो ते सांगते. पार्टिकल बोर्डचं फर्निचर दमट हवेत फुगतं आणि एकदा फुगलं की पूर्ववत होत नाही. कापसाच्या गाद्या ओल धरतात. फ्रिज बंद करून दार घट्ट लावून ठेवला तर आत बुरशी धरते. इन्व्हर्टरची बॅटरी न वापरताही हळूहळू उतरत जाते आणि महिनोन्महिने चार्ज केली नाही तर कायमची जाते. 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ एवढाच, की चोर येणार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो : आठवणींचं मोल पैशात कसं करणार? नका करू. मी मिनिमलिझमचं कीर्तन करत नाहीये. पांढऱ्या भिंती आणि एक कुंडी एवढंच घर मला नको आहे. पण आठवण वस्तूत आपोआप मुरत नाही. 'हा डबा आत्याच्या लग्नातला' हे सांगणारं माणूस आणि ऐकणारं माणूस, दोघं लागतात. आई दुपारभर ते सांगायला बसली होती. मी तिला पैसे भरून गप्प केलं.

इथे एक गोष्ट आपल्या पिढीने कबूल करायला हवी. कमावती मुलं म्हणून आपण घरातले प्रश्न ॲपवर सोडवतो आणि त्याला मदत म्हणतो. ज्या बाईने तीस वर्षं तो संसार हाताळला, तिला 'तू काही ठरवू नकोस' म्हणणं याला मदत म्हणत नाहीत.

सोसायटीच्या मीटिंगांबद्दलही बोलू या. आमच्याकडे दोन वर्षं मीटिंगा झाल्या. वाढीव कार्पेट किती, कॉर्पस किती, पार्किंग कुणाला, लिफ्ट कुठल्या कंपनीची, सगळ्यावर घसे फोडून झाले. नव्या फ्लॅटच्या नकाशात माळा कुठे आहे, गाद्या कुठे जातील, गणपतीचं मखर कुठे राहील, हे एकानेही विचारलं नाही. कारण मीटिंगला पुरुष जात होते आणि माळा बायका आवरत होत्या. बिल्डरने भाडं आणि एकदाचा शिफ्टिंगचा खर्च दिला. मधल्या वर्षांतल्या सामानाचा विषयच कुणी काढला नव्हता. तुमच्याकडे करार व्हायचा असेल तर या दोन ओळी त्यात घालून घ्या, आणि मीटिंगला आईला पाठवा.

गोदाम वापरूच नका असं नाही. दोन भाडेकरारांच्या मध्ये महिनाभराचं अंतर आहे, सहा महिन्यांसाठी परदेशी जायचंय, तर जरूर वापरा. फक्त खोक्यावर नंबर घाला, आत काय ते मोबाइलमध्ये लिहा, फोटो काढा, आणि सामान बाहेर काढायची तारीख आधी ठरवा. तारीख सांगता येत नसेल, तर तुम्ही सामान ठेवत नाही आहात, टाकून देताय.

गेल्या महिन्यात मी आईला घेऊन गोदामात गेले. टीव्ही युनिट फुगलं होतं, गाद्यांना कुबट वास येत होता. मुखवटे 'किचन ४' मध्ये निघाले. आईने खुर्ची मागवली आणि अर्ध्या दिवसात २९ खोक्यांचा निकाल लावला : हे मावशीला, हे भंगारात, हे कामवाल्या ताईंना विचार, हे मला हवं. एकदाही अडखळली नाही. परतताना रिक्षात मुखवट्यांचा खोका मांडीवर घेऊन म्हणाली, "हे तेव्हाच विचारलं असतंस तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेले १२ खोके अजून तिथेच आहेत, आता छोट्या जागेत, कमी भाड्यात. ऑटो-डेबिट मी बंद केलंय. दर ५ तारखेला आईशेजारी बसून यादी उघडते, एखादी ओळ खोडली जाते, आणि मग हाताने पैसे पाठवते.