बारावा तास

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. आठवड्याची बेरीज ४८ तासांचीच राहील आणि जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच घेतले जाईल, असे समर्थक सांगतात. बेरीज बरोबर असेल. परंतु बाराव्या तासाला यंत्रापुढे उभा असलेला माणूस पहिल्या तासाचा राहिलेला नसतो, हे त्या बेरजेत कोठेच दिसत नाही.

घटत्या सीमांत उत्पादनाचा सिद्धांत आम्ही महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवितो. जमिनीला आणि खताला तो बिनदिक्कत लावणारी मंडळी श्रमाच्या तासांपाशी येताच का अडखळतात, हे एक कोडेच आहे. वास्तविक पुरावा जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या अनेक कारखान्यांत रविवारीही काम चालू ठेवण्यात आले. तेथील कामगारांच्या प्रकृतीची पाहणी करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली व तिने उत्पादनाच्या नोंदी करविल्या. जॉन पेनकॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने त्या नोंदी सुमारे शंभर वर्षांनी नव्याने तपासल्या. आठवड्याला सुमारे ५० तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढते, पुढे वाढ मंदावत जाते, आणि सुटीचा दिवस काढून घेतल्यास आठवड्याच्या एकूण उत्पादनालाच झळ पोहोचते, असे त्याला आढळले. युद्धाच्या निकडीतही शरीराने आपला नियम सोडला नाही!

विश्रांतीचा हा प्रश्न मुंबईला नवा नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमधील सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ही सुटी सर्वांना सरसकट मिळाली, यातच तिचे मर्म आहे. सुटी घ्यावी की न घ्यावी हे प्रत्येकाच्या मर्जीवर सोडले असते, तर गरजू माणसाने ती पहिल्याच आठवड्यात विकली असती.

लेखी संमतीविषयी माझा आक्षेप नेमका हाच आहे. ज्याचा आठ तासांचा पगार महिना निभावत नाही, तो संमती देणारच. कंत्राटी कामगाराला तर नकाराची किंमत नोकरीने मोजावी लागेल. म्हणजे विश्रांतीचा प्रश्न मुळात वेतनाचा आहे, आणि त्यावर या निर्णयाच्या चर्चेत फारसे कोणी बोलत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हिशोब अधिकच तंग होतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरचे बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. नोकरी करणारीचे घरकाम तीनच तास धरले, त्यात कारखान्याचे १२ तास आणि जाण्यायेण्याचे दोन तास मिळविले, तरी १७ तास होतात. आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास आणि झोप यांसाठी उरतात सात.