तुंगनाथाची दारे मिटलेली असताना

माघ वद्य चतुर्दशीस आपल्याकडे महाशिवरात्र येते. पौर्णिमान्त पंचांगाने चालणाऱ्या उत्तरेत त्याच दिवसाला फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणतात. महिन्याचे नाव भिन्न असले तरी रात्र तीच, बेलाचे पान तेच आणि उपवासही तोच. या पर्वकाळी भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, औंढा नागनाथ, हरिश्चंद्रगड अशा स्थानी जाण्याचा आपला परिपाठ जुना आहे. त्यात अलीकडच्या काही वर्षांत एका नव्या प्रघाताची भर पडली आहे. शिवरात्रीला जोडून दोन-चार दिवसांची रजा काढावी, ऋषिकेशमार्गे चोपता गाठावे, बर्फातून तुंगनाथास जावे आणि तेथून चंद्रशिलेच्या शिखरावर उभे राहून सूर्योदय पाहावा, असा बेत पुण्यामुंबईच्या अनेक घरांतील तरुण मंडळी आखतात. घरातील वडीलधारी माणसे शंकराचे नाव ऐकून हातावर प्रसादाची पुडी ठेवतात आणि निश्चिंत होतात. महादेवाच्या नावाने निघालेल्यास अडवावयाचे कोणी? क्वचित तीही सोबत निघतात.

या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. मात्र ज्या वाटेवर ही मंडळी त्या दिवसांत पाऊल ठेवतात, त्या वाटेची स्थिती आपल्या घरांत फारशी ठाऊक नसते. ती ठाऊक असणे हाही यात्राधर्माचाच भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तुंगनाथ हा पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरचा केदार. महिषरूप घेतलेल्या शिवाचे बाहू येथे प्रकटले, अशी श्रद्धा आहे. उत्तराखंडाच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, उखीमठ-गोपेश्वर रस्त्यावरील चोपता या ठिकाणाहून सुमारे साडेतीन किलोमीटरांची फरसबंद वाट मंदिराकडे चढते. मंदिर अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. त्याच्या वर आणखी एक-दीड किलोमीटर चढले की बारा हजार फुटांपलीकडचे चंद्रशिला शिखर लागते. चंद्राने येथे तप केले असे कोणी सांगतात. रावणवधानंतर प्रभू रामचंद्रांनी येथे तपश्चर्या केली, असेही सांगितले जाते. माथ्यावर गंगामातेचे लहानसे देऊळ आहे. आकाश निरभ्र असेल तर नंदादेवी, त्रिशूल, चौखंबा, केदार अशी हिमशिखरे समोर उभी राहतात. आपले कळसूबाई 1,646 मीटरांचे, म्हणजे 5,400 फुटांचे. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीचे स्थान इतक्या थोड्या चालीत गाठता येते, हे चंद्रशिलेचे भाग्य आणि तोच तिचा धोकाही. अंतर थोडे म्हणून वाट सोपी, असा समज आपोआप होतो. वैशाख-ज्येष्ठात तो बव्हंशी खराही ठरतो. शिवरात्रीस मात्र तो ठरेलच असे नाही.

मुख्य गोष्ट अशी की, शिवरात्रीस तुंगनाथाचे मंदिर बंद असते. कार्तिकाच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरअखेरीस वा नोव्हेंबरच्या आरंभी, दारे मिटतात. देवाची उत्सवमूर्ती डोलीत बसून खाली मक्कूमठास येते आणि मर्कटेश्वराच्या मंदिरात हिवाळाभर तिची पूजा चालते. बहुधा मे महिन्यात देव पुन्हा वर जातो. केदारनाथाची गादी अशीच उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि केदारनाथाची दारे कोणत्या मुहूर्तावर उघडावयाची, याची घोषणा तेथे महाशिवरात्रीच्याच दिवशी होते. ज्या दिवशी आपला मुलगा बर्फ तुडवीत बंद दाराशी पोहोचतो, त्या दिवशी तुंगनाथाची पूजा खाली, माणसांच्या वस्तीत चाललेली असते! दारे मिटण्याची ती तिथी म्हणजे हिमाच्या स्थितीविषयीची सर्वांत जुनी जाहीर सूचना होय. ती ज्यांनी ठरविली त्यांच्यापाशी तापमापक नव्हता. परंतु त्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या काढलेली दृष्टी होती. साक्षात देवास जेथून हिवाळ्यात खाली आणावे लागते, तेथे आपण कोणत्या तयारीने चाललो आहोत, एवढा प्रश्न तरी मनात उमटावयास हवा.

सह्याद्रीवर वाढलेल्या पायास दगड, गवत, मुरूम, घसारा यांची ओळख असते. बर्फाची ओळख निराळी करून घ्यावी लागते; कारण तो एकाच दिवसात तीन रूपे घेतो. रात्रीच्या गारठ्याने तो पहाटे दगडासारखा घट्ट असतो. ज्या पायऱ्यांवरून आदल्या दिवशी शेकडो माणसे गेली, तेथे दाबला गेलेला बर्फ गोठून काचेसारखा होतो. चंद्रशिलेचा सूर्योदय पाहण्यासाठी मंडळी अंधारात निघतात ती नेमकी या काचेवरून. साधा बूट, मग तो कितीही महागाचा असो, येथे धरत नाही. बुटाला खालून बांधावयाचे लोखंडी दातांचे पट्टे, ज्यांना क्रॅम्पॉन म्हणतात, ते लागतात आणि हातात काठी लागते. ऊन वर आले की तोच बर्फ भुसभुशीत होतो. पाय गुडघ्यापर्यंत, क्वचित मांडीपर्यंत रुततो. बूट, मोजे, विजार भिजून जातात. दुपारनंतर बहुधा ढग येतात, वारा सुटतो, आणि भिजलेले कापड अंगावर गोठू लागते. चढताना लागलेला दम माणसास सावध ठेवतो. उतरताना मात्र पाय थकलेले असतात आणि मन अगोदरच खाली पोहोचलेले असते. त्यामुळे उतरणीवर दुप्पट जपावे.

ताज्या बर्फाची रीत आणखी वेगळी. तो पायऱ्या, कठडा आणि दरीची कड सारखीच झाकून टाकतो. चोपत्यापासून मंदिरापर्यंत निदान फरसबंद वाटेचा आधार असतो. मंदिरापुढे शिखराकडे जाणारी वाट कच्ची आहे आणि मोठ्या हिमवर्षावानंतर ती दिसतच नाही. उघड्या उतारावरून आडवे जावे लागते. बर्फाचे कडे बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटतात आणि वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट असतात. वाऱ्याने एका बाजूस लोटून ठेवलेला बर्फ जुन्या थरावर नुसता टेकलेला असतो. एका माणसाचे वजनही त्यास पुरते. वादळ ओसरून आकाश निळे झाले की सारा डोंगर हसू लागतो आणि आपली पावले आपसूक वर वळतात. ती निळाई विश्वासघातकी असते. त्यातच बाराएक हजार फुटांवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. डोके ठणकणे, मळमळणे, पाऊल वाकडे पडणे ही लक्षणे दिसली की वर जाणे थांबवून खाली उतरावे; यावर दुसरा उतारा नाही. बर्फावरून परतणारा प्रकाश डोळे भाजून काढतो, म्हणून काळा चष्मा हवाच. त्यास आम्ही चैन म्हणणार नाही.

हिमालयाच्या या भागात हिवाळ्याचा बर्फ आणतात ते पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ. त्यांची लय आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. 2023-24 च्या हिवाळ्यात जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि बर्फ महिनाअखेरीस पडू लागला. यातून घरोघरी एक चुकीचे अनुमान निघते, की ‘हल्ली बर्फ कमीच असतो’. बर्फ उशिरा येतो तेव्हा तो पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. म्हणजे शिवरात्रीच्याच दिवसांत. 2025 साली महाशिवरात्र 26 फेब्रुवारीस होती. दोनच दिवसांनी, 28 फेब्रुवारीस, शेजारच्या चमोली जिल्ह्यात बदरीनाथाजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमकडा कोसळला. पन्नासांहून अधिक कामगार त्यात सापडले. लष्कर व इतर दलांनी बहुतेकांना वाचविले; आठ जण मृत्युमुखी पडले. ही माणसे हौसेने गेलेली नव्हती. बर्फ हटविणे हाच त्यांचा व्यवसाय होता. आपण ज्या रस्त्यांवरून मेमध्ये बदरीकेदारास मोटारीने जातो, ते असेच कामगार मोकळे करतात. यात्रेच्या संकल्पात त्यांचे स्मरण आम्हांस आवश्यक वाटते.

आता मुळाशी येऊ. अर्ध्या वाटेवरून परत फिरणे आपल्या घरांत कमीपणाचे मानले जाते. ‘इतक्या लांब जाऊन दर्शनावाचून आलास?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण तो ज्याच्या कानांत घुमत असतो, तो वाटाड्याने ‘आज नको’ म्हटल्यावरही आणखी शंभर पावले टाकतो. त्यात रजा संपत आलेली असते, पैसे भरलेले असतात, सहल नेणाऱ्यास पुढची तुकडी आणावयाची असते. सर्व कारणे वर ढकलणारी आणि खाली ओढणारे कोणीच नाही! ते खाली ओढणे घराने करावयास हवे.

त्यासाठी आधार दूर शोधावयास नको. पंढरपुरास वारीच्या गर्दीत ज्यांस गाभारा लाभत नाही, ते कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततात, आणि त्यांची वारी उणी राहिली असे कोणी वारकरी म्हणत नाही. औंढा नागनाथास नामदेवरायांना देवळासमोरून उठविले, ते मागील बाजूस जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आपण लहान मुलांस सांगतो. ती सांगणाऱ्या घराने तुंगनाथाच्या पहिल्या वळणावरून परतलेल्या मुलास हसून घरात घ्यावयास नको काय? भगवंतास दिशा आणि अंतर यांची अडचण नाही, ही आपली श्रद्धा असेल, तर ती गोठलेल्या पायऱ्यांपाशीही टिकली पाहिजे.

काही वाचक म्हणतील, कष्टावाचून यात्रा कसली? कष्टाचे मोल आम्हीही जाणतो. तप म्हणजे सोसणे, हे मान्य. परंतु आपल्या शास्त्रांनी तपास नियमांची चौकट घातली आहे, आणि दारे मिटण्याचा काळ हा त्या स्थानाचाच नियम आहे. तो ओलांडून जाणाऱ्याने गिर्यारोहक म्हणून अवश्य जावे, गिर्यारोहकाची साधने व शिकवण घेऊन जावे. आपल्या साहसास देवाच्या नावाचे कवच घालू नये. शिवाय एकाच्या हट्टाने त्यास शोधण्यासाठी चार गावकरी रात्री बर्फात उतरतात. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असते.

म्हणून यंदा मुलगा वा सून निघाली, तर निघण्यापूर्वी आईने, आजीने विचारावे: बर्फ केवढा आहे? ताजा पडला की जुना? रस्ता चोपत्यापर्यंत खुला आहे की दुगलबिट्ट्यापाशीच गाडी थांबते? (मोठ्या हिमवर्षावानंतर ती तेथेच थांबते आणि पुढे बर्फातूनच चालावे लागते.) वाटाड्या स्थानिक आहे ना? हवामान खात्याचे देहरादून केंद्र इशारे देते. हिमकड्यांविषयीची सूचना संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंडीगढ येथील संस्था जिल्हावार काढते. त्या पाहिल्या का? रात्री दूरध्वनी आला की ‘शिखर झाले का?’ ऐवजी ‘पाय कोरडे आहेत ना?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस वर जातो, दुसऱ्याने शेकोटीपाशी बसतो.

आणि ज्यांस शिवरात्र तुंगनाथाच्याच चरणी करावयाची आहे, त्यांनी मक्कूमठास जावे. देव तेथेच आहे. पंचकेदारांपैकी कोणा एकाचे मूळस्थानी दर्शन हवे असेल, तर उर्गम खोऱ्यातील कल्पेश्वर, जेथे जटांचे पूजन होते, तो बारमाही खुला असतो. रुद्रनाथाची हिवाळी पूजा गोपेश्वरच्या गोपीनाथ मंदिरात चालते. तुंगनाथाची दारे उघडण्याचा मुहूर्त वैशाखीला मक्कूमठास जाहीर होतो. मे महिन्यातही सावलीतल्या घळींत बर्फाचे पट्टे उरलेले असतात आणि पहाटे ते निसरडे असतातच. मात्र फरसबंदी बव्हंशी मोकळी झालेली असते, चोपत्याच्या रानात बुरांशाची तांबडी फुले उरलीसुरली दिसतात, आणि वर पोहोचल्यावर मंदिरात घंटा वाजत असते.