स्कॉटलंड : वसाहत नव्हे, करारातील भागीदार

१/ स्कॉटलंड ब्रिटनमधून बाहेर पडण्याची चर्चा सुरू झाली की मराठी इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक ठरावीक आनंद उमटतो. ज्यांनी आपला देश तोडला त्यांचाच देश आता तुटतो आहे, इंग्रजांची पहिली वसाहत मुक्त होते आहे, असा त्या आनंदाचा सूर असतो. त्यात सूडाचे समाधान भरपूर आहे, इतिहास मात्र फारसा नाही. स्कॉटलंडला स्वतंत्र होण्याचा हक्क निश्चित आहे; परंतु तो ज्या कारणासाठी सांगितला जातो ते कारण टिकणारे नाही. आधी त्या कारणाची तपासणी आणि मग खऱ्या कारणाची मांडणी, असा या धाग्याचा क्रम आहे.

२/ आरंभ १६०३ पासून. इंग्लंडची राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि गादीचा वारस म्हणून स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनला आला. तोच इंग्लंडचा पहिला जेम्स. म्हणजे इंग्रज राजाने स्कॉटलंड घेतले नाही; स्कॉटिश राजाला इंग्लंडची गादी मिळाली. त्यानंतर शंभर वर्षे राजा एक आणि संसदा दोन अशी व्यवस्था चालली.

३/ सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये दुष्काळाची वर्षे लागली. त्याच काळात स्कॉटलंडने स्वतःची व्यापारी कंपनी काढून पनामाच्या संयोगभूमीवर, डेरियन येथे, वसाहत उभारण्याचा घाट घातला. त्यासाठी देशातून ४ लाख पौंडांचे भागभांडवल नोंदवले गेले. १६९८ मध्ये पहिली जहाजे निघाली. १७०० पर्यंत रोगराई, उपासमार आणि स्पॅनिश वेढा यांनी सारे संपवले. इंग्लंडच्या वसाहतींनी या लोकांना मदत करू नये असा राजाचा आदेश होता, हेही खरे. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही : डेरियन ही वसाहत करू पाहणाऱ्यांची शोकांतिका होती.

४/ पुढे गादीच्या वारसावरून दोन्ही संसदांत तेढ वाढली. १७०५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने ‘परकीय कायदा’ केला. स्कॉटलंडने वाटाघाटी मान्य केल्या नाहीत, तर स्कॉटिश माणूस इंग्लंडमध्ये परका ठरेल आणि स्कॉटलंडची गुरे, कोळसा व तागाचे कापड यांना इंग्लंडची बाजारपेठ बंद होईल, अशी ती धमकी होती. वर्ष संपण्यापूर्वी कायदा मागे घेतला गेला, पण त्याने आपले काम केले होते.

५/ १७०६ मध्ये २५ कलमांचा तह ठरला आणि १६ जानेवारी १७०७ रोजी स्कॉटलंडच्या संसदेने तो मंजूर केला. बाजूने ११० मते पडली, विरोधात सत्तरहून कमी. स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग एवढी भरपाई मिळाली आणि तिच्यातून डेरियनमध्ये बुडालेल्या भागधारकांचे पैसे परत करण्याची तरतूद झाली. याखेरीज २० हजार पौंड गुपचूप उमरावांमध्ये वाटले गेले. थकलेले पगार, असे त्याचे समर्थन करण्यात आले. ज्यांनी मत द्यायचे त्यांतील अनेकांचा खिसा त्या मताशी बांधलेला होता.

६/ आणि जनता? तिला कुणी विचारले नाही. एडिंबरा व ग्लासगो येथे दंगली झाल्या, गावोगावहून विरोधाचे अर्ज आले. इंग्रज सरकारचा हेर म्हणून एडिंबरात राहिलेला लेखक डॅनियल डीफो यालाही लोकमत विरोधात असल्याचे दिसत होते. तेव्हा १७०७ चा करार निर्मळ नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. पण तो करार होता. रणांगणावर हरलेल्या राज्याचे ते शरणपत्र नव्हते.

७/ हा फरक शाब्दिक नाही. तहाने स्कॉटलंडचे कायदे आणि न्यायालये स्वतंत्र राहिली. त्याच्याच जोडीने झालेल्या कायद्याने स्कॉटिश चर्चला संरक्षण मिळाले. नव्या संसदेत स्कॉटलंडला ४५ प्रतिनिधी आणि १६ उमराव मिळाले. सर्वांत मोठी गोष्ट चौथ्या कलमात होती : इंग्लंडच्या साम्राज्यात व्यापाराची पूर्ण मोकळीक. जित प्रदेशाला असे कोण देते? १८१८ नंतर पुणे दरबाराला यातले काय मिळाले, हा प्रश्न मराठी वाचकाने स्वतःलाच विचारावा.

८/ भागीदारांतील पहिली तक्रारही फार लवकर आली. १७१३ मध्ये माल्टवरचा कर स्कॉटलंडवर लादला गेला, तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहात संघ विसर्जित करण्याचा ठराव मांडला गेला. मांडणारा होता फिंडलेटरचा अर्ल. हाच गृहस्थ सहा वर्षांपूर्वी स्कॉटलंडचा चॅन्सेलर या नात्याने संघाच्या बाजूने उभा होता. ठराव अवघ्या ४ मतांनी पडला. संघ मोडता येतो आणि तो संसदेच्या मार्गाने मोडावा, ही कल्पना आजच्या राष्ट्रवाद्यांनी काढलेली नाही. ती संघ घडवणाऱ्यांच्या पिढीचीच आहे.

९/ येथे हमखास एक आक्षेप येतो : मग कलोडनचे काय? १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट बंडाचा चुराडा झाला, त्यानंतर हायलँड्समध्ये क्रूर दडपशाही झाली, तिथल्या पारंपरिक पोशाखावर १७८२ पर्यंत बंदी राहिली. हे सारे घडले. मात्र कलोडनला सरकारी सैन्यातही स्कॉटिश तुकड्या होत्या, कारण तो लढा एका राजघराण्याच्या दाव्याचा होता. पुढे शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावून मेंढ्यांसाठी कुरणे करणारे जमीनदारही बहुतांशी स्कॉटिशच होते. हायलँड्सच्या गरिबांवर अन्याय झाला. त्यात लंडनइतकाच एडिंबराचाही हात होता.

१०/ आता महाराष्ट्राकडे वळावे, कारण ‘पहिली वसाहत’ हा दावा येथेच सर्वाधिक उघडा पडतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत मराठी तोफांवर चालून गेलेल्या पायदळात ७४ वी आणि ७८ वी या हायलँड पलटणी होत्या. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचा रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. दुसऱ्या बाजीरावाला ८ लाखांच्या तनख्यावर शरण आणणारा होता जॉन माल्कम. पुढे दोघेही एकापाठोपाठ एक मुंबईचे गव्हर्नर झाले. दोघेही स्कॉटिश.

११/ साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ स्कॉटिश. मुंबईतल्या विल्सन कॉलेजला ज्याचे नाव आहे तो मिशनरी जॉन विल्सन स्कॉटिश. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा करणारा लॉर्ड डलहौसी स्कॉटिश. त्याआधी लंडनमध्ये बसून कंपनीच्या कारभारावर नियंत्रण ठेवणारा हेन्री डंडासही स्कॉटिश. ही नावे अपवादात्मक नाहीत. साम्राज्याचा लाभ हाच १७०७ च्या सौद्याचा मोबदला होता आणि स्कॉटलंडने तो पुरेपूर वसूल केला. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांचे वैभव गुलामांच्या घामावर पिकलेल्या तंबाखूतून उभे राहिले.

१२/ म्हणून स्कॉटलंडला आपल्यासारखी वसाहत म्हणणे हा इतिहासाशी केलेला खोटेपणा आहे, आणि ज्यांचे राज्य एल्फिन्स्टनने खालसा केले त्यांच्या वंशजांनी तो करावा हे तर विशेष खेदाचे. पण येथेच थांबून ‘तर मग स्कॉटलंडला स्वातंत्र्याचा हक्क नाही’ असे म्हणणारेही तितकेच चुकतात. वेगळे होण्याचा हक्क केवळ पीडितांनाच असतो, असे कुणी ठरवले? भागीदाराचा हक्क करारातून येतो. नफ्यात वाटेकरी होता म्हणून त्याने जन्मभर बांधील राहावे, असा न्याय नाही.

१३/ संघवाद्यांचा पहिला युक्तिवाद : तहाच्या पहिल्याच कलमात दोन्ही राज्ये सदासर्वकाळ एक राहतील असे लिहिले आहे. लिहिले आहे खरेच. १८०१ मध्ये अमलात आलेल्या आयर्लंडच्या विलीनीकरणातही तोच शब्द होता. तरी १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला. फरक इतकाच की तो शब्द पुसण्यासाठी आयर्लंडला बंदूक उचलावी लागली. कागदावरचे ‘सदासर्वकाळ’ शांततेने बदलण्याची वाट ठेवली नाही की असे घडते.

१४/ दुसरा युक्तिवाद : लोकांना विचारले आहे, निकाल लागला आहे. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ५५.३ टक्के लोकांनी स्वातंत्र्य नाकारले, ४४.७ टक्क्यांनी मागितले; मतदान ८४.६ टक्के झाले. हा कौल स्वच्छ होता आणि पराभूतांनी तो मानला. परंतु त्या प्रचारात संघवाद्यांचे एक महत्त्वाचे आश्वासन होते : युरोपीय संघात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा. दोन वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला आणि तरीही स्कॉटलंड युरोपबाहेर गेले. ज्या आधारावर मत मागितले तोच आधार गेला, तर ते मत पुन्हा मागण्यात अप्रामाणिक काय आहे?

१५/ ‘पिढीत एकदाच येणारी संधी’ हे शब्द तेव्हा स्वातंत्र्यवादी नेत्यांनीच वापरले होते, याची आठवण दिली जाते. ती रास्त आहे. पण प्रचारातले वाक्य म्हणजे कायदा नव्हे. कायदाच हवा असेल तर उत्तर आयर्लंडकडे पाहावे. १९९८ च्या करारानंतरच्या कायद्यानुसार तेथे बहुमत आयर्लंडशी एक होण्याच्या बाजूने दिसू लागले तर मतदान घ्यावे लागते, आणि दोन मतदानांत किमान ७ वर्षांचे अंतर राखावे लागते. म्हणजे एकाच राज्याच्या एका घटकाला बाहेरचे दार लेखी दाखवलेले आहे. दुसऱ्याला त्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे मागावी लागते.

१६/ ही किल्ली कोठे आहे, ते २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले : लंडनच्या संसदेच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला स्वातंत्र्याच्या सार्वमताचा कायदा करता येणार नाही. विद्यमान कायद्याचा अर्थ म्हणून तो निकाल योग्यच असेल. पण त्यामुळे राजकीय प्रश्न अधिक टोकदार होतो. जेथून निघायचे की नाही हे विचारण्यासाठीही थोरल्या भागीदाराची परवानगी लागते, त्या संघाला ‘स्वेच्छेचा संघ’ कसे म्हणावे?

१७/ हा अनुभव नवा नाही. १ मार्च १९७९ रोजी स्वतंत्र विधिमंडळाच्या बाजूने ५१.६ टक्के मते पडली. पण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट आधीच घातलेली होती आणि ती पूर्ण झाली नाही. त्या अटीमुळे मतदानाला न आलेला माणूस विरोधकांच्या खात्यात गेला. १९९७ मध्ये हीच मागणी ७४.३ टक्क्यांनी मंजूर झाली. टाळलेला प्रश्न मिटत नाही, तो अधिक बळ घेऊन परत येतो.

१८/ तिसरा युक्तिवाद आर्थिक आहे आणि तो गंभीर आहे. स्कॉटलंडचा निम्म्याहून अधिक व्यापार उर्वरित ब्रिटनशी चालतो. स्कॉटिश सरकारचेच वार्षिक आकडे तुटीचा अर्थसंकल्प दाखवतात. २०१४ मध्ये पौंड वाटून घेण्यास लंडनच्या तिन्ही प्रमुख पक्षांनी नकार दिला होता, आणि चलनाच्या प्रश्नाचे उत्तर स्वातंत्र्यवाद्यांना आजही पटेल असे देता आलेले नाही. युरोपीय संघात परतले तर इंग्लंडच्या सीमेवर जकातनाके येतील. हे सारे मान्य. पण ही ‘नाही’ म्हणून मत देण्याची कारणे आहेत. मतपेटीच काढून घेण्याची नव्हेत.

१९/ वेगळे होणे म्हणजे रक्तपात, हेही इतिहासाला मंजूर नाही. १३ ऑगस्ट १९०५ रोजी नॉर्वेच्या मतदारांनी स्वीडनशी असलेला संघ संपवण्याच्या बाजूने ३,६८,२०८ आणि विरोधात १८४ मते दिली. वाटाघाटी झाल्या, युद्ध टळले. २००६ मध्ये माँटेनेग्रोला ५५ टक्क्यांची अट आधीच सांगितली होती. ती थोडक्यात पूर्ण झाली आणि निकाल मानला गेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकला एकतर्फी फुटण्याचा हक्क नाकारला. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळाले तर वाटाघाटी करणे इतरांचे कर्तव्य ठरते, हेही बजावले. नियम आधी, मत नंतर, हेच या साऱ्यांचे सूत्र.

२०/ मराठी माणसाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या जनतेला विचारले गेले : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे? विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडले. अनेक मराठी मनांना तो निकाल झोंबला, तरी महाराष्ट्राने तो मानला. तो प्रश्न भारतातच राहून कोठे नांदायचे याचा होता, राष्ट्राबाहेर जाण्याचा नव्हता. पण तत्त्व तेच : मोठ्या घरात जाण्याआधी धाकट्याला विचारावे.

२१/ तारखेचा योगायोग पाहण्यासारखा आहे. जुन्या कालगणनेतील १६ जानेवारीलाच, बरोबर २६० वर्षांपूर्वी, स्कॉटलंडचे भवितव्य पावणेदोनशेच्या आसपास सरदार आणि प्रतिनिधींनी ठरवले होते. गोव्यात ते साऱ्या मतदारांनी ठरवले. स्कॉटलंडच्या जनतेला हा प्रश्न तीन शतकांत थेट एकदाच विचारला गेला आहे, आणि त्यानंतर परिस्थिती मुळापासून बदलली आहे.

२२/ म्हणून निष्कर्ष एवढाच. स्कॉटलंडला दुसरे सार्वमत मिळाले पाहिजे. प्रश्न, बहुमत आणि पुढच्या मतदानाचे अंतर हे सारे नियम आधी कायद्याने ठरले पाहिजेत. लोकांनी संघात राहणे पसंत केले, तर तो संघ प्रथमच जनतेच्या अटींवर उभा राहील. आणि स्कॉटलंड स्वतंत्र झालेच, तर टाळ्या वाजवणाऱ्या मराठी वाचकाने एल्फिन्स्टनचा देश कोणता होता, हे विसरू नये.