लवंगवाल्याचा नातू



आज बी-बियाणे, खते आणि फवारणी बाजूला ठेवू. एका नटाची हकीकत सांगायची आहे.

‘गांधी’ हा १९८२ सालचा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातले गांधीजी इतके आपले वाटतात, की ते काम एका विलायती नटाने केले आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही. त्यांचे नाव बेन किंग्जली. पण हे काही बारशाचे नाव नव्हे. बारशाचे नाव कृष्णा भानजी.

इंग्लंडातल्या यॉर्कशर भागात स्नेन्टन नावाचे खेडे आहे. तिथे ३१ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचा जन्म झाला. आई इंग्रज. वडील डॉक्टर, जन्म केनियातला, मूळ घराणे गुजरातेतले. आजोबा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांजिबार बेटात मसाल्याचा, त्यातही लवंगेचा व्यापार करत. लोक त्यांना लवंगांचा राजा म्हणत. इंग्रजीत ‘किंग क्लोव्ह’. (लवंग म्हणजे झाडाची न उमललेली कळी. वेळेवर खुडून वाळवली तर भाव, उमलली की मोल गेले. नारळ-सुपारीच्या बागेत लवंग लावणाऱ्या कोकणातल्या बागायतदारांना हे मी सांगायला नको.)

मुलाला नाटकाचा नाद लागला. कृष्णा भानजी या नावाने तो काम मागायला गेला, तेव्हा अभिनयाची तारीफ झाली, पण काम मिळेना. तुम्हाला कुठे बसवावे ते समजत नाही, असे उत्तर. मग त्याने नाव बदलले. वडिलांच्या टोपणनावातून ‘बेन’ घेतले, आजोबांच्या ‘किंग क्लोव्ह’वरून ‘किंग्जली’ केले. माणूस तोच, आवाज तोच. काम लगेच मिळाले!

यात त्या पोराला मी बोल लावणार नाही. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव झाकावे लागलेली माणसे तुमच्याही ओळखीत असतील. लाज वाटायची तर ती आडनाव विचारणाऱ्याला वाटावी. आणि या मुलाने नाव टाकले तरी नव्या नावात बाप आणि आजा दोघांनाही बरोबर घेतले, हे मला विशेष वाटते.

१९६७ साली ते रॉयल शेक्सपिअर कंपनी या नामांकित नाटक मंडळीत गेले. पुढली बरीच वर्षे रंगभूमीवरच गेली. सिनेमावाल्यांना ते जवळजवळ अनोळखीच होते. दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो गांधीजींवरच्या चित्रपटासाठी १९६२ पासून धडपडत होते. त्यांनी याच नटाला निवडले. ज्या हिंदी नावापायी दारे बंद झाली होती, ते टाकून इंग्रजी नाव घेतल्यावर कोणते काम पदरात पडले? तर गुजरातेतल्याच मोहनदास गांधींचे!

नोव्हेंबर १९८० मध्ये भारतात चित्रण सुरू झाले, तेव्हा किंग्जली ३६ वर्षांचे होते. त्यांनी वजन उतरवले, योगासने केली, गांधीजींच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या. आणि चरख्यावर सूत कातायला शिकले. नुसते कातायला नव्हे, समोरच्याशी बोलता बोलता कातायला. ज्यांच्या घरी आजी कातत असे त्यांना यातली मेख कळेल. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्या हाताने पेळूतून धागा ओढायचा. लक्ष जरा ढळले की तुटला.

सूत कातण्याइतकेच मला त्यांचे ऐकणे आवडते. बिहारात चंपारण्याच्या कुळांना वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांवर सक्तीने नीळ लावावी लागे. १९१७ साली गांधीजी तिथे गेले. ती गाऱ्हाणी ऐकतानाचा प्रसंग पाहा. शेतकऱ्याचे म्हणणे मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकणे किती अवघड, हे आमच्या खात्यातल्या माणसाला चांगले माहीत आहे.

या चित्रपटाला १९८३ साली आठ ऑस्कर मिळाली. त्यांत एक किंग्जलींचे, आणि वेशभूषेच्या ऑस्करमधला वाटा आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांचा. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या. गोखले झाले होते डॉ. श्रीराम लागू. १९८४ साली भारत सरकारने किंग्जलींना पद्मश्री दिली.

पुढे लोक त्यांना जन्मभर गांधीच समजतील अशी धास्ती होती. त्यांनी ती मोडून काढली. १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये ते ज्यू हिशेबनीस झाले, तर २००० सालच्या ‘सेक्सी बीस्ट’मध्ये असा शिवराळ गुंड, की पाहणाऱ्याचा थरकाप व्हावा. तो चित्रपट मात्र पोरांना घेऊन पाहू नका. ‘गांधी’ मात्र टीव्हीवर पुन्हा लागला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा आणि चरख्याच्या प्रसंगात चेहऱ्याऐवजी त्यांचा धागा ओढणारा हात पाहायला सांगा. सव्वातीन तासांचा आहे. धारा आधी उरकून घ्या.